‘बॉडी अँड सोल’ : एका गीताच्या संहितेचा इतिहास

जॅझ संगीताच्या परिभाषेत ज्या गीताला ‘स्टँडर्ड’ ही संज्ञा लावली जाते त्याच्याकडून दोन परस्परविरोधी अपेक्षा केल्या जातात. ते गीत प्रत्येक वादकाला आधीपासून ठाऊक असावे, ही पहिली. आणि कोणत्याही वादकाने ते पूर्वी वाजवले गेले तसेच वाजवू नये, ही दुसरी. एकमेकांना कधीही न भेटलेले चार वादक एखाद्या रात्री एकत्र येतात, गीताचे नाव आणि आधारस्वर सांगितला जातो आणि वादनास प्रारंभ होतो. समोर छापील कागद असण्याची गरज भासत नाही. मग या वादकांना ठाऊक असते ते नेमके काय? संगीतकाराने लिहिलेली चाल, तिच्याखालची कॉर्डची मांडणी, की पूर्वसूरींची ध्वनिमुद्रणे? संहिता, कर्तृत्व आणि प्रयोग यांच्या परस्परसंबंधांविषयी विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात साहित्यसिद्धान्ताने जी चर्चा केली तिच्या दृष्टीने हा प्रश्न केवळ संगीतापुरता राहत नाही. १९३० सालच्या ‘बॉडी अँड सोल’ या गीताचा इतिहास येथे विशेष उपयोगी ठरतो; कारण या गीताच्या बाबतीत मूळ संहिता आणि तिचा आविष्कार यांच्या जागांची अदलाबदल झाली. ती कोणत्या दिवशी झाली हेही सांगता येते. कायद्याने मात्र तिची दखल कधीच घेतली नाही.

गीताचा संगीतकार जॉनी ग्रीन हा त्या वेळी अवघा एकवीस वर्षांचा होता. हार्वर्ड विद्यापीठातून अर्थशास्त्राची पदवी घेऊन तो संगीताकडे वळला होता आणि गर्ट्रूड लॉरेन्स या ब्रिटिश अभिनेत्री-गायिकेला पियानोची साथ करीत होता. तिच्यासाठीच त्याने ही चाल बांधली. शब्द एडवर्ड हेमन, रॉबर्ट सावर आणि फ्रँक आयटन या तिघांच्या नावावर आहेत. लॉरेन्सने गीत लंडनला नेले आणि तेथे फेब्रुवारी १९३० मध्ये जॅक हिल्टनच्या वाद्यवृंदाने ते ध्वनिमुद्रित केले. पुढे जे गीत अमेरिकन कृष्णवर्णीयांच्या संगीतकलेचा मानदंड म्हणून ओळखले गेले, त्याच्या जन्माशी या कलेचा काहीही संबंध नव्हता. एका गोऱ्या रंगभूमीवरून दुसऱ्या गोऱ्या रंगभूमीकडे पाठवलेला तो माल होता. ऑक्टोबर १९३० मध्ये ब्रॉडवेवरील ‘थ्रीज अ क्राउड’ या नृत्यनाट्यप्रयोगात लिबी होल्मनने ते गायिले आणि अमेरिकेत त्याला प्रसिद्धी मिळाली.

शब्दांच्या दृष्टीने हे गीत त्या काळात ‘टॉर्च साँग’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या प्रकारात मोडते. प्रियकराने पाठ फिरवलेली स्त्री आपले एकाकीपण सांगते आणि तरीही देहाने आणि मनाने आपण त्याचेच आहोत असे म्हणते. विरहिणीचे हे आर्जव काहीसे साचेबंद आहे आणि त्यातील शब्दरचना ठिकठिकाणी अवघडलेली आहे, हे मान्य करावयास हवे. शीर्षकातील ‘देह’ या शब्दाचा उघड उच्चार मात्र तत्कालीन रेडिओच्या सभ्यतेला खुपला. पाठचिकित्सेच्या दृष्टीने लक्षणीय गोष्ट अशी की, शब्दांची एकच एक प्रत कधी स्थिर झाली नाही. मधल्या खंडाचे निरनिराळे पाठ प्रचारात राहिले आणि वेगवेगळ्या गायकांनी ते निवडले. मूळ संहिता स्थिर आणि प्रयोग चंचल, हे गृहीतक येथे आरंभापासूनच डळमळीत आहे.

चालीची रचना मात्र वरकरणी रूढ आहे. बत्तीस बारचे एक आवर्तन. त्यात आठ-आठ बारचे चार खंड. पहिला, दुसरा आणि चौथा एकाच चालीचे, तिसरा निराळा. त्या काळातील शेकडो गीते याच साच्यात ओतलेली आहेत. वेगळेपण आहे ते तिसऱ्या खंडात, ज्याला वादक ‘ब्रिज’ म्हणतात. डी फ्लॅट या स्वरात चाललेले गीत येथे एकदम अर्ध्या स्वराने वर, डी मध्ये जाते; तेथून सी मध्ये उतरते आणि मग कोमल-तीव्र पायऱ्यांनी पुन्हा डी फ्लॅटला येऊन मिळते. सामान्य गायकाला हे वळण अडचणीचे वाटते, तर हार्मनीच्या अंगाने विचार करणाऱ्या वादकाला तेथे कामासाठी मोकळे रान मिळते. ग्रीनच्या चालीचे भवितव्य या आठ बारांनी ठरवले असे म्हटल्यास ते वावगे ठरू नये.

९ ऑक्टोबर १९३० रोजी, म्हणजे ब्रॉडवेवरील पहिल्या प्रयोगाच्या आठवडाभर आधी, लुई आर्मस्ट्राँगने लॉस एंजेलिस येथे हे गीत ध्वनिमुद्रित केले. गीताचा जॅझमधील प्रवेश असा त्याच्या अमेरिकन प्रसिद्धीबरोबरच झाला. तथापि त्याच वर्षी लोकांनी मोठ्या प्रमाणावर विकत घेतली ती पॉल व्हाइटमनच्या वाद्यवृंदाची गुळगुळीत तबकडी.

यानंतरचा महत्त्वाचा टप्पा १३ जुलै १९३५ चा. बेनी गुडमन, टेडी विल्सन आणि जीन क्रुपा या त्रयीने क्लॅरिनेट, पियानो आणि ड्रम एवढ्याच सामग्रीवर ते वाजवले. गुडमन आणि क्रुपा गोरे, विल्सन कृष्णवर्णीय. अशा मिश्र संचाने ध्वनिमुद्रणाच्या बंद खोलीत वाजवणे एक वेळ चालत असे. श्रोत्यांच्या डोळ्यांसमोर एकत्र बसून वाजवणे ही निराळीच बाब होती आणि ते घडण्यास १९३६ उजाडावे लागले. १६ जानेवारी १९३८ च्या कार्नेगी हॉलमधील मैफलीतही या त्रयीने हेच गीत सादर केले. तबकडीवर केवळ नाद ऐकू येतो, वादकाचा वर्ण दिसत नाही. ‘देह आणि आत्मा’ असे नाव असलेल्या गीताचे हे अदृश्य-देही ध्वनिमुद्रण वर्णभेदाच्या इतिहासात वाचले गेले पाहिजे. जॅझविषयक लेखनात गुडमनच्या औदार्याचा जेवढा उल्लेख होतो, तेवढा या ध्वनिमुद्रणातील विल्सनच्या डाव्या हाताचा होत नाही, ही खेदाची गोष्ट आहे.

नोव्हेंबर १९३८ मध्ये टेनर सॅक्सोफोनवादक चू बेरी आणि ट्रम्पेटवादक रॉय एल्ड्रिज यांनी कमोडोर कंपनीसाठी केलेल्या ध्वनिमुद्रणात एल्ड्रिजने आपल्या आवर्तनात लय दुप्पट केली. खालची कॉर्ड पूर्वीच्याच गतीने बदलत राहतात, वरचे वादन मात्र दुगुनीत जाते. ही युक्ती पुढे या गीताच्या वादनपरंपरेचा भाग बनली. छापील प्रतीत तिचा मागमूस नाही. आणि तरीही पुढच्या पिढीतील वादकाला ती ‘गीतातच’ आहे असे वाटू लागले. संहितेत भर पडण्याची ही रीत मौखिक परंपरेच्या अभ्यासकांना परिचित आहे.

कोलमन हॉकिन्सचा जन्म १९०४ चा. फ्लेचर हेंडरसनच्या वाद्यवृंदात दहा-अकरा वर्षे वाजवून त्याने टेनर सॅक्सोफोन या तोवर दुय्यम, काहीशा विनोदी मानल्या जाणाऱ्या वाद्याला जॅझमध्ये प्रतिष्ठा मिळवून दिली होती. १९३४ मध्ये तो युरोपला गेला आणि जुलै १९३९ मध्ये परतला. या पाच वर्षांत न्यूयॉर्कमध्ये नवे टेनरवादक पुढे आले होते; बेरी हा त्यांपैकी एक. लेस्टर यंग हा दुसरा, आणि त्याची शैली तर हॉकिन्सच्या अगदी उलट प्रकृतीची होती. परतलेल्या गुरूकडे अजून काही उरले आहे काय, असा प्रश्न हवेत होता. अशा परिस्थितीत ११ ऑक्टोबर १९३९ रोजी न्यूयॉर्क येथे नऊ जणांच्या संचासह त्याने ब्लूबर्डसाठी चार गीते ध्वनिमुद्रित केली. ब्लूबर्ड हे आरसीए व्हिक्टर कंपनीचे स्वस्त तबकड्यांचे नाममुद्रांकन. व्हिक्टरची तबकडी पाऊण डॉलरला, तर ब्लूबर्डची ३५ सेंटला मिळे. ‘बॉडी अँड सोल’ हे चारांपैकी एक. रात्रीच्या क्लबमध्ये तो ते वाजवीत असे. ध्वनिमुद्रित करण्याची मात्र त्याला फारशी उत्सुकता नव्हती, असे या बैठकीविषयीच्या वृत्तान्तांवरून दिसते.

या तबकडीत जे घडते ते असे. जीन रॉजर्सचा पियानो चार बारांची प्रस्तावना करतो. हॉकिन्स चालीच्या पहिल्या एक-दोन बारांपुरता ग्रीनच्या जवळ राहतो आणि मग तिला सोडतो. दोन आवर्तने, म्हणजे चौसष्ट बार, तो एकटाच वाजवतो. दुसऱ्या आवर्तनात इतर सुषिरवाद्ये मागे दीर्घ स्वर धरतात, एवढाच बदल. अखेरीस मूळ चालीकडे परतण्याचा रिवाजही पाळला जात नाही. प्रत्येक कॉर्ड उलगडून तिच्यातील स्वर क्रमाने वर-खाली गुंफावे, दोन कॉर्डच्या मध्ये स्वतःची तिसरी सुचवावी, आणि या सर्व बांधकामाचा ताण हळूहळू वाढवीत अखेरच्या आठ बारांत त्याला शिखरावर न्यावे, अशी ही पद्धत आहे. स्कॉट डेव्होने ‘द बर्थ ऑफ बीबॉप’ (१९९७) या ग्रंथात या वादनाचे जे विश्लेषण केले आहे ते या संदर्भात मुळातून वाचण्याजोगे आहे. येथे एवढेच नोंदवावयाचे की, ज्याला शीर्षक ठाऊक नाही अशा श्रोत्याला या तबकडीवरून ग्रीनची चाल कळणे दुरापास्त आहे. गीताचे शब्द गेले, चाल गेली. उरला तो सांगाडा आणि त्यावर उभारलेले दुसरेच शरीर.

नवल हे की, हीच तबकडी अफाट खपली. ज्यूकबॉक्समध्ये ती वाजू लागली. तरुण वादकांनी ती सुईखाली पुन्हा पुन्हा लावून स्वरन् स्वर पाठ केली. आणि येथून एक विलक्षण उलटापालट सुरू झाली. हॉकिन्स जेथे जाई तेथे श्रोते त्याच्याकडे हेच गीत मागत, आणि मागत ते तबकडीवर होते तसे. जी गोष्ट एकदाच, त्या क्षणापुरती सुचली होती तीच आता मूळ प्रत ठरली आणि खुद्द तिचा कर्ता तिच्यापुढे नक्कलकार ठरण्याच्या धोक्यात आला. दोन आवर्तनांची ही ‘परिपूर्ण’ घडण काही अंशी यंत्राने दिलेली आहे, हेही विसरता येत नाही. दहा इंची तबकडीच्या एका बाजूवर तीन मिनिटांच्या आसपासच ध्वनी मावत असे. क्लबमध्ये आवर्तनांवर आवर्तने रचणाऱ्या वादकाला येथे कुठे थांबावयाचे हे मेणाच्या चकतीने सांगितले. समीक्षक ज्या सेंद्रिय एकात्मतेची वाखाणणी करतात तिच्यात या मर्यादेचा वाटा मोठा आहे.

मराठी वाचकाला या ठिकाणी ख्यालगायनातील बंदिशीचे स्मरण होणे स्वाभाविक आहे. चार ओळींची बंदिश आणि तासाभराचा विस्तार हे नाते वरवर पाहता असेच दिसते. परंतु हे साम्य फार ताणू नये. बंदिशीमागे राग असतो, आणि तो कोणा एका व्यक्तीची निर्मिती म्हणून नोंदलेला नसतो. ‘बॉडी अँड सोल’च्या मागे राग नाही, तेथे आहे ती नोंदणीकृत, मालकीची, विक्रीस काढलेली चीज. म्हणूनच येथे विस्ताराचा प्रश्न सौंदर्यशास्त्रापाशी थांबत नाही.

याच सुमारास थिओडोर अडोर्नो हा जर्मन तत्त्वचिंतक न्यूयॉर्क परिसरात होता. १९३८ पासून तो प्रिन्स्टनच्या रेडिओ-संशोधन प्रकल्पात काम करीत होता. ‘ऑन पॉप्युलर म्युझिक’ या १९४१ सालच्या निबंधात त्याने लोकप्रिय गीतांच्या प्रमाणीकरणाचा सिद्धान्त मांडला. बत्तीस बारचा साचा आधीच ठरलेला असल्यामुळे त्यातील कोणताही तपशील संपूर्ण रचनेवर परिणाम करीत नाही. एक तपशील काढून दुसरा घातला तरी बिघडत नाही. जॅझमधील उत्स्फूर्तता ही त्याच्या मते त्या साच्याच्या कडेकोट बंदोबस्तात दिलेली मोकळीक, एक छद्म-व्यक्तिविशिष्टता. ‘स्टँडर्ड’ या शब्दातच त्याला सारा निकाल मिळाला असता.

हॉकिन्सच्या तबकडीसमोर ठेवून पाहिल्यास या सिद्धान्ताचा अर्धा भाग टिकतो. साचा खरोखरच जागचा हललेला नाही; चौसष्ट बार म्हणजे चौसष्ट बार. परंतु तपशील बदलला तरी चालतो, हे म्हणणे येथे साफ कोसळते. श्रोत्यांनी या तपशिलांतील एकही बदलू दिला नाही. साचा दुय्यम होऊन तपशीलच रचना बनले. यावर अडोर्नोच्या बाजूने असे म्हणता येईल की, तपशिलाचे असे गोठणे हाच बाजाराचा विजय. उत्स्फूर्ततेचीही शेवटी वस्तूच झाली. हा आक्षेप सहजासहजी झटकून टाकता येण्यासारखा नाही. हेन्री लुई गेट्सने ‘द सिग्निफाइंग मंकी’ (१९८८) मध्ये आफ्रिकी-अमेरिकी परंपरेतील सभेद पुनरुक्तीची जी संकल्पना मांडली, तिच्या साहाय्याने हॉकिन्सचे वादन ग्रीनच्या चालीवरील एक मार्मिक, उलट बोलणारे भाष्य म्हणून वाचता येते, आणि ते वाचन अडोर्नोपेक्षा कितीतरी समृद्ध आहे. मात्र भाष्यकाराला त्या भाष्याबद्दल काय मिळाले, हे या संकल्पनेच्या कक्षेत येत नाही.

ते असे. १९०९ च्या अमेरिकन कॉपीराइट कायद्याने यांत्रिक पुनरुत्पादनाबद्दल दर प्रतीमागे दोन सेंट हा दर ठरवून दिला होता आणि तो १९७८ पर्यंत टिकला. हे दोन सेंट चाल आणि शब्द यांच्या हक्कदारांचे. हॉकिन्सच्या तबकडीवर ग्रीनची चाल जेमतेम ऐकू येते आणि शब्द तर मुळीच नाहीत. तरीही विकल्या गेलेल्या प्रत्येक प्रतीवरील संगीतकाराचा हक्क ग्रीनकडे आणि गीतकाराचा हक्क शब्दकारांकडे गेला. वादकाला मिळावयाचा तो त्याच्या कराराप्रमाणे मेहनताना. कायद्याच्या भाषेत त्याने काहीही ‘रचले’ नव्हते. त्याने दुसऱ्याची रचना वाजवली होती. ‘लेखकाचा मृत्यू’ ही घोषणा रोलाँ बार्थने केली त्याच्या कितीतरी आधी या चौसष्ट बारांचा लेखक कायद्याच्या दृष्टीने जन्मालाच आला नव्हता, आणि ज्याने ते लिहिले नाहीत तो मात्र हयात होता. लेखकपणाच्या संकल्पनेला सुरुंग लावणे ज्यांना मुळात लेखकपण लाभले होते त्यांना सोपे गेले, असे म्हणण्याचा मोह येथे आवरत नाही.

हॉकिन्सला हा व्यवहार उमगला नव्हता असे नाही. फेब्रुवारी १९४४ मध्ये अपोलो कंपनीसाठी त्याने ‘रेनबो मिस्ट’ नावाची तबकडी केली. संचात डिझी गिलेस्पी आणि मॅक्स रोच हे नव्या बीबॉप पिढीचे वादक होते. नाव नवे, संगीतकार म्हणून नाव हॉकिन्सचे; आणि कॉर्डचा सांगाडा ‘बॉडी अँड सोल’चा. चालीवर मालकी सांगता येत होती, कॉर्डच्या क्रमावर नव्हे. बीबॉपच्या काळात जुन्या गीतांच्या सांगाड्यावर नव्या चाली रचण्याची प्रथा पसरली तिचे सौंदर्यशास्त्रीय विवेचन पुष्कळ झाले आहे. तिच्यामागे हा साधा हिशेबही होता. आंतरसंहितात्मकतेची एवढी रोकडी आवृत्ती साहित्याच्या इतिहासात क्वचितच आढळेल.

पुढील काळात या संहितेशी झालेले व्यवहार दोन दिशांनी गेले. एक दिशा तिचे जतन करण्याची. एडी जेफरसनने हॉकिन्सच्या वादनातील प्रत्येक स्वराला अक्षर देऊन त्यावर शब्द रचले, आणि ते शब्द कशाविषयी, तर खुद्द हॉकिन्सविषयी. १९६८ च्या त्याच्या ध्वनिमुद्रणात हे ऐकावयास मिळते. मे १९७९ मध्ये डेट्रॉइट येथे जेफरसनची गोळ्या घालून हत्या झाली. त्याच वर्षी मॅनहॅटन ट्रान्सफर या गायकवृंदाने त्याची रचना पुढे नेत हॉकिन्सच्या जोडीने जेफरसनलाही गीताचा विषय केले. मूळ गीतातील विरहिणी केव्हाच हरवली. तिच्या जागी परंपरेने स्वतःचीच वंशावळ गायिली.

दुसरी दिशा या मूर्तीपासून सुटका करून घेण्याची. सनी रोलिन्सने १९५८ मध्ये ते कोणत्याही साथीशिवाय, एकट्या टेनरवर वाजवले. कॉर्ड कोणीच वाजवीत नाही, त्या श्रोत्याने आपल्या स्मृतीतून पुरवावयाच्या. २४ ऑक्टोबर १९६० रोजी जॉन कोल्ट्रेनने केलेले ध्वनिमुद्रण (प्रकाशन १९६४, ‘कोल्ट्रेन्स साउंड’) अधिक मूलगामी आहे. कोल्ट्रेन आणि हॉकिन्स जून १९५७ मध्ये थेलोनियस मंकच्या संचात शेजारी उभे राहून वाजले होते, म्हणजे हा सामना कोण्या दूरस्थ पूर्वजाशी नव्हता. कोल्ट्रेनने लय वाढवली, मॅकॉय टायनरच्या पियानोवर एका धरून ठेवलेल्या खर्जाची डोलती प्रस्तावना बसवली, आणि ब्रिजमध्ये ग्रीनच्या कॉर्ड बाजूला सारून समान अंतरावरील तीन स्वरकेंद्रांत फिरणारी आपली स्वतःची मांडणी घातली. चाल मात्र त्याने ओळखू येईल अशी राखली. हॉकिन्सने सांगाडा ठेवून चाल टाकली होती; कोल्ट्रेनने चाल ठेवून सांगाडा बदलला. आणि लगेच हीही मांडणी संहिता झाली. डेक्स्टर गॉर्डनच्या १९७० च्या ‘द पँथर’ मधील वादनात कोल्ट्रेनची वाट स्पष्ट दिसते.

या सर्व इतिहासात शब्द आणि ते उच्चारणारा स्त्रीचा आवाज बाजूला पडला, असा आक्षेप घेण्यास जागा आहे. जॅझच्या इतिहासलेखनाने टेनरवादकांची ही पुरुषप्रधान वंशावळ फार आवडीने जोपासली. वस्तुतः बिली हॉलिडेचे २९ फेब्रुवारी १९४० चे ध्वनिमुद्रण हॉकिन्सच्या तबकडीनंतर अवघ्या काही महिन्यांचे आहे. ती शब्द सोडत नाही. ओळ तालाच्या किंचित मागे ठेवते आणि त्या अंतरामुळे आर्जवाचा साचेबंदपणा गळून पडतो. स्वतःच्या अवहेलनेविषयी बोलणारी स्त्री येथे त्या अवहेलनेकडे पाहतेही आहे. ग्रीनच्या चालीपासून ती हॉकिन्सइतकी दूर जात नाही, पण अर्थाच्या बाबतीत तिने केलेले पुनर्लेखन त्याच्याहून कमी नाही. मार्च २०११ मध्ये लंडनच्या ॲबी रोड स्टुडिओत टोनी बेनेटबरोबर एमी वाइनहाउसने हे गीत गायिले. जुलैमध्ये तिचा मृत्यू झाला आणि सप्टेंबरमध्ये, तिच्या जन्मदिनी, ते प्रकाशित झाले. आपोआपच त्याचे श्रवण मृत्युलेखासारखे होऊ लागले. तिच्या गायनातील हॉलिडेच्या वळणांकडे त्यामुळे कमी लक्ष गेले.

२००४ साली अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने हॉकिन्सची तबकडी राष्ट्रीय ध्वनिमुद्रण-नोंदवहीत समाविष्ट केली. राष्ट्रीय ठेवा म्हणून मान्यता मिळाली ती अशी ग्रीनच्या स्वरलिपीला नव्हे, हॉकिन्सच्या तीन मिनिटांना. हक्कांचा हिशेब मात्र निराळाच चालला. १९३० साली प्रकाशित झालेल्या कृतींना अमेरिकन कायद्याने ९५ वर्षांचे संरक्षण आहे. त्यानुसार ग्रीनची चाल १ जानेवारी २०२६ पासून तेथे सार्वजनिक मालकीची ठरते. फेब्रुवारी १९७२ पूर्वीच्या ध्वनिमुद्रणांना मुळात संघराज्याचे संरक्षणच नव्हते. ते २०१८ च्या कायद्याने मिळाले, आणि १९२३ ते १९४६ या काळातील तबकड्यांसाठी त्याची मुदत १०० वर्षांची. म्हणजे चाल सर्वांची झाल्यानंतरही ११ ऑक्टोबर १९३९ ची तबकडी २०३९ अखेरपर्यंत हक्कांनी बांधलेली राहते. आणि ते हक्क ध्वनिमुद्रणाच्या मालकाचे आहेत, वादकाचे नाहीत.